दाढ आणि धावपट्टी

दातांच्या डॉक्टरांना चाळिशीनंतर विमान उडवायचा नाद लागला, तोही कॉम्प्युटरवर. जॉयस्टिक आली, वेग कमीजास्त करायचा थ्रॉटलचा दांडा आला, पण घरचं टेबल पडलं उंच. उजवा खांदा पार कानाला लागायचा. जॉयस्टिक घसरते म्हणून खाली रबरी चटई घातली, तर ऐन उतरताना ती चटईसकट हातात यायची. शिवाय तिला डावीकडे कलायची खोड होती. हात सोडला की विमान डावीकडे गिरक्या घेत बसायचं. थ्रॉटलची तऱ्हा आणखी वेगळी. तो कसा कोण जाणे उलटा जोडला गेला होता आणि पुढे ढकलला की वेग कमी व्हायचा. डॉक्टरांची मान इतकी वाकडी झाली की बायकोला वाटलं, हे आपल्यावर रुसलेत.

मग त्यांच्या डोक्यात आलं की आपल्या दवाखान्यातल्या खुर्चीसारखी आरामशीर खुर्ची दुसरी नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर तिच्यासमोर मांडला, तिच्या उजव्या हाताला जॉयस्टिक आवळली आणि डाव्या हाताला, चूळ भरायच्या भांड्याशेजारी, थ्रॉटल. कोपर टेकलं, मनगट सरळ राहिलं, खांदा खाली आला. डॉक्टर हरखले. विमान मात्र उतरताना आपटायचं ते आपटतच राहिलं, कारण धावपट्टी दिसली की ते जॉयस्टिकचा गळाच आवळायचे.

पुन्हा उड्डाण केलं, तेवढ्यात सासूबाई आल्या. गाल टम्म फुगलेला. दाढ ठणकत होती, त्यामुळे त्या कुणाचं काही न ऐकता थेट खुर्चीत चढल्या. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि जबडा बधिर झाल्यावर चिमटा उचलला. तो पाहताच सासूबाईंनी दोन्ही हातांनी जे सापडलं ते धरलं. समोरच्या पडद्यावरचं विमान थांबवायचं राहूनच गेलं होतं.

डॉक्टर दाढ आपल्याकडे ओढू लागले तशा सासूबाई घाबरून उजवीकडे कलल्या. विमान सरळ झालं. त्यांनी डाव्या हाताने दांडा पुढे रेटला. वेग उतरला. डॉक्टरांना समोर धावपट्टी दिसली आणि त्यांचं दाढेवरचं लक्षच उडालं.

"सासूबाई, उजवा हात सैल," ते हळूच म्हणाले. "नुसती दोन बोटं ठेवा."

सासूबाईंना वाटलं, हा दाढेचाच काही उपाय असेल. त्यांनी हात सैल सोडला. चाकं अलगद टेकली आणि त्याच क्षणी दाढही डॉक्टरांच्या हातात आली.

सासूबाईंनी बोळा चावत पडद्याकडे बोट दाखवलं. "हे मी उतववं?"

"हो," डॉक्टर म्हणाले. त्यांना कौतुकही वाटत होतं आणि रडूही येत होतं.

पुढच्या सुट्टीला सासूबाई दुसऱ्या बाजूची दाढ दुखते म्हणून आल्या. डॉक्टरांनी आरशाने तपासलं, दाढ ठणठणीत होती. तरी त्या उठेनात. शेवटी डॉक्टर आपलं चाकांचं स्टूल ओढून शेजारी बसले आणि उंची किती राहिली ते मोठ्याने सांगू लागले.

"हळू बोला, जावईबापू," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "प्रवासी झोपलेत."