बल्बची गुणगुण

त्या बल्बच्या गुणगुणीनं वायरमनचं डोकं उठलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरी वायरिंग केलेल्या माणसाच्या स्वतःच्याच घरात दिव्यानं डासासारखं गुणगुणावं, म्हणजे अब्रूचे धिंडवडेच की!

बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "मंद उजेडापासून सुरुवात करा. सोसेल तसा वाढवा. वाढत गेला, तर नजर परत येतेय असं समजा." एलईडी मंद केले की फडफडायचे, म्हणून वायरमननं चार दुकानं पालथी घालून जुना तारेचा बल्ब मिळवला, उजेड कमी-जास्त करणारा डिमर स्वतः जुळवला आणि त्याचं बटण तिच्या खुर्चीच्या हातावर बसवलं. पडदे ओढलेल्या खोलीत ती रोज बटण फिरवायची. "आज थोडा जास्त केला हो," म्हणायची. वायरमन कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण करायचा.

पण ती गुणगुण! डिमर वीज सलग देत नाही, तोडून तोडून देतो. त्या धक्क्यांनी बल्बची तार थरथरते. बटण पुढे सरकलं की आवाजही चढायचा. वायरमननं होल्डर आवळला, डिमरचा डबा इतक्यांदा खोलला की स्क्रूचे आटे गेले. गुणगुण कायम.

"राहू द्या ना," बायको म्हणायची. "मला नाही त्रास होत."

"मला होतो ना! लोक काय म्हणतील?"

"लोक कशाला येतायत बल्ब ऐकायला?"

"तुला यातलं काही कळत नाही. गप्प बस."

शेवटी त्यानं ते धक्के मऊ करायला तांब्याची तार गुंडाळून चोक बनवला आणि दुपारी डिमरला जोडला. बटण अर्ध्यावर आणलं. बल्ब छान पिवळा पेटला. कान लावला, आवाज नाही! तो ऐटीत बायकोकडे वळला.

ती बल्बकडेच तोंड करून बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "लाईट गेली का?"

वायरमन बल्बकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग कॅलेंडरवरच्या एकवीस खुणांकडे.

"चालू आहे," तो कसाबसा म्हणाला.

तिनं चाचपून बटण आणखी पुढे फिरवलं आणि कान दिला.

"आधी सांगायला काय झालं होतं तुला!" तो ओरडला आणि डॉक्टरांचा नंबर शोधू लागला. "एकवीस दिवस, अगं! एकवीस!"

"पेन्सिलीचा आवाज यायचा," ती हळूच म्हणाली. "किती खूश असायचात तुम्ही."