बोक्याने ऑपरेशन नाकारलं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर दोन उघडे लॅपटॉप. एकाच्या पडद्यावर ‘हो’ची चिठ्ठी, दुसऱ्यावर ‘नाही’ची. मध्ये गलेलठ्ठ पिवळा बोका जांभया देत बसलेला. आपण प्रश्न विचारायचा, बोका ज्या कीबोर्डवर जाऊन बसेल ते उत्तर!

“शांतता!” दुकानदार ओरडला. “बोकोबांच्या मिशांना वायफाय लागतंय. शेपटीतून डेटा उतरायला वेळ लागतो!”

पहिल्या रांगेत सर उभे होते. हो, गावात सगळ्यांना ठाऊक असलेले तेच सर. भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, अंधश्रद्धेवर व्याख्यानं देऊन देऊन घसा बसवून घेतलेले. त्यांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सरांची पाचावर धारण बसली होती, पण तसं कबूल करतील तर ते सर कसले? मध्यंतरी माऊस दुरुस्तीच्या निमित्ताने ते इथे आले आणि हळूच बोक्याला विचारून बसले. बोका ‘नाही’वर बसला. सर तारीख रद्द करून मोकळे झाले.

बायको भडकली, तेव्हा त्यांनी तिला विज्ञान ऐकवलं. “अगं, ही बुवाबाजी नव्हे. मांजराला सूक्ष्म विद्युतचुंबकीय लहरी जाणवत असणार. संशोधनाचा विषय आहे!”

“करा ना संशोधन. ऑपरेशन झाल्यावर करा,” ती म्हणाली. पण आज स्वतःच्या डोळ्यांनी बघायला तीही आली होती.

सरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. दुकानदाराने आधी प्रेमाने चौकशी केली, “सर, भीती वाटते का हो?” मग हात टेबलाखाली घालून तो उपग्रह, लहरी, मागच्या जन्माचा पासवर्ड असं काहीबाही बरळत राहिला. बऱ्याच वेळाने बोका उठला, दोन्ही लॅपटॉप हुंगले आणि ‘नाही’वर अंग टाकलं. टाळ्या पडल्या. सरांनी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

तिने बोक्याला उचललं आणि त्याच्या जागेवर तळवा ठेवला. मग दुसऱ्या लॅपटॉपवर.

“अहो, हा चांगलाच तापलाय! तो तर गार आहे.”

“हात लावू नका, बोकोबा कोपतील!” असं दुकानदार म्हणेपर्यंत तिने चिठ्ठ्यांची अदलाबदल करून बोक्याला सोडलं. बोकोबा सरळ त्याच उबेला गेले. आता ते ‘हो’ म्हणत होते.

कुणीतरी वाकून पाहिलं. टेबलाखाली दोन्ही लॅपटॉपना जोडलेला आणखी एक कीबोर्ड होता. तिथून दुकानदार हव्या त्या लॅपटॉपला जड काम लावायचा. बडबड संपेपर्यंत तो लॅपटॉप तापायचा आणि बोका ऊब शोधायचा. कुठला तापवायचा, ते विचारणाऱ्याचा चेहराच सांगायचा.

“सर, तुम्हालासुद्धा कळलं नाही?” मागून कुणीतरी विचारलं.

आयुष्यभर पोरांना उष्णता शिकवलेले सर कानापर्यंत लाल झाले.

“कळायला बघावं लागतं,” ते म्हणाले. “मला बघायचंच नव्हतं. मला ऑपरेशनची भीती वाटते. कुणीतरी ‘नको’ म्हणायला हवं होतं, बोका भेटला. वर त्याला विज्ञानाचा झगा मीच चढवला. तुम्ही असं करू नका. मनासारखं उत्तर मिळालं, की आधी हात लावून बघा, मग टाळ्या वाजवा.”

त्यांनी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला.

“परवा चालेल?” पलीकडून विचारणा झाली.

सरांची नजर बोक्याकडे गेली. तो गाढ झोपला होता.

“चालेल,” सर म्हणाले आणि त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला.