लीडरला धरून बसलेलं प्रोटीन

"सोमवारपर्यंत पट्टी दिसली नाही, तर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं," दीपक सर म्हणाले. माझे मार्गदर्शक, पण तेव्हा मला सरळ शत्रू वाटले. माझी सगळी पीएचडी त्या प्रकरणावर उभी होती!

मिरजोळ्याच्या प्रयोगशाळेत मी जंत वाढवते. नाकं मुरडू नका, नीट दिसतसुद्धा नाहीत एवढे बारीक असतात. त्यांच्या पेशीत एक भन्नाट प्रकार चालतो. बऱ्याचशा आरएनएच्या डोक्याला लीडर नावाचा आयता तुकडा जोडला जातो. माणसात हे होत नाही. म्हणजे ती जोडणी मोडणारं औषध सापडलं, तर जंत मरतील आणि ज्याच्या पोटात ते आहेत त्या पोराला काही होणार नाही. माझं म्हणणं, एक प्रोटीन या लीडरला धरून ठेवतं, म्हणूनच ती जोडणी होते. बारीक मण्यांवर लीडर चिकटवायचा, त्यावर जंत वाटून काढलेला रस ओतायचा, मणी धुवायचे. जे प्रोटीन धरून राहील त्याची जेलवर, म्हणजे प्रोटीनं वेगळी करणाऱ्या पातळ थरावर, रंगवल्यावर निळी पट्टी दिसते. माझं जेल दरवेळी कोरं!

रविवारी माझा नवरा समर्थ कोळंबी धूत होता. मीठ चोळ, पाणी बदल, पुन्हा मीठ. जरा वास राहिला तर यांच्या घराची अब्रू जाते.

"अरे मेल्या, किती धुशील? चव तरी राहू दे तिच्यात!" मी ओरडले आणि तिथेच गप्प झाले. मी तरी दुसरं काय करत होते? कचरा नको म्हणून मणी कडक मिठाच्या पाण्यात धूत होते. त्या मिठानेच प्रोटीनची पकड सुटत होती!

"अगो, झालं काय?"

"तू जेवून घे. मी चालले लॅबला."

मीठ कमी केलं. आता भीती उलटी, की नको ती प्रोटीनंही चिकटून बसतील. म्हणून शेजारच्या नळीत मुद्दाम अक्षरांचा क्रम बिघडवलेला खोटा लीडर घेतला. त्याला काही चिकटलं, तर माझं म्हणणं संपलंच.

सोमवारी जेल रंगवलं. खोट्या लीडरची रांग स्वच्छ. खऱ्याच्या रांगेत पट्टी, ठसठशीत निळी! मी अशी किंचाळले की सर धावत आले.

"योगायोग असेल," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्ही करा! मी हातसुद्धा लावत नाही."

सरांनी खरंच हातमोजे चढवले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जेलवर तीच पट्टी आली, माझ्याहून ठळक.

"मृणाली, हे प्रकरण शेवटी कशाला ठेवलंय?" ते म्हणाले. "पहिलं घ्या."