मेन्नाला थंडी वाजते

मी एक बंब. घर उबदार ठेवणारा, रॉकेलवर चालणारा. बंब म्हटलं की तुम्हाला अंघोळीचं पाणी आठवेल. ते तर मी तापवायचोच. पण माझं खरं काम ते गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत खेळवायचं आणि अख्खं घर उबवायचं. सध्या मी परसातल्या भिंतीला टेकून उभा आहे. अंगावर पाऊस पडतोय. जन्मात पहिल्यांदाच भिजतोय मी.

माझं पोट ओतीव लोखंडाचं, वरून पांढऱ्या पत्र्याचा अंगरखा. कारखान्यातून निघालो तेव्हा आरशासारखा चकचकीत होतो. वेल्सच्या डोंगरातल्या या गावी मला एका मेंढपाळाच्या ट्रॅक्टरवरून आणलं, कारण चढावर ट्रक थकला होता. गाव पाटीच्या दगडाचं. छपरं त्या दगडाची, कुंपणं त्या दगडाची, आणि माणसांची पोटंही त्याच दगडावर. माझा मालक इद्वल खाणीत त्या दगडाच्या पातळ पाट्या काढायचा.

त्याने आणि त्याच्या मेव्हण्याने मिळून मला स्वयंपाकघरात बसवलं. दोघांनी दिवसभर एकमेकांना शिव्या घातल्या. संध्याकाळी मी धप्प करून पेटलो, तशी इद्वलची बायको मेन्ना जिन्यावरून ओरडली, "अरे, वरची खोली तापली! नेरिस, ये, हात लावून बघ!"

नेरिस त्यांची लेक. तोवर ती पोर शाळेचे कपडे पांघरुणात शिरूनच घालायची. त्या दिवशी तिने रेडिएटरला गाल लावला आणि तशीच उभी राहिली. इतकं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

या घरात एक गंमत होती. माझी गरज सगळ्यांत कमी होती ती मेन्नाला. तिचं अर्धं आयुष्य गावच्या बेकरीत भट्टीपुढे गेलं होतं, त्यामुळे तिला सदानकदा उकडायचं. मी जरा तापलो की ती खिडकी उघडायची. इद्वल चिडायचा, "अगं, घर तापवतोय की डोंगर?"

"डोंगरालाही थोडी ऊब मिळू दे. कुडकुडतोय बिचारा," असं म्हणून ती आणखी एक खिडकी उघडायची.

आणि इद्वल? त्यालाही थंडी ठाऊक नव्हती. बर्फात बाह्या दुमडून खाणीत जायचा. कुणी स्वेटर घातला की म्हणायचा, "काय रे, नवरी निघाली का सासरी?" माझा त्याला अभिमान होता, तो आपल्या हाताने बसवलेला म्हणून. ऊब त्याला चैन वाटायची, जणू ती पाहुण्यांसाठी ठेवली होती.

पाहुणेही कमी नव्हते. माझ्या डोक्यावर मेन्नाचं पावाचं पीठ फुगायचं. एका वसंतात शेजारच्या मेंढपाळाचं आईविना कोकरू खोक्यात घालून माझ्या पायाशी ठेवलं होतं; रात्र काढेल की नाही असं होतं, पण सकाळी ते खोक्यातून पडून मेन्नाच्या चपला चघळत होतं. चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, गायकमंडळातले पुरुष तालमीनंतर ओले कोट माझ्यासमोर टांगायचे आणि कोट वाळेपर्यंत पुन्हा गायचे. लोकरीचा ओला वास, चहा आणि ते भरदार आवाज. आठवलं की अजून माझा पत्रा थरथरतो.

मग खाण बंद झाली. नेरिस लग्न होऊन खालच्या गावी गेली. आणि मी म्हातारा झालो. पेटताना खोकायला लागलो, पोटात काजळी धरू लागली. वरच्या खोल्यांपर्यंत माझी ऊब पोचेना. दरवर्षी मला साफ करायला येणारा एमरिस एकदा हात पुसत म्हणाला, "इद्वलकाका, याचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. बदला."

"बदला म्हणे! आणि काय लावू? तो हल्लीचा भिंतीवरचा पत्र्याचा डबा?"

नेरिस दर रविवारी तेच सांगायची. "बाबा, ऐका ना. वर किती गारठा असतो!"

"आम्हाला कुठे वाजते थंडी? हा मी बसवलाय. मला पुरेल."

हे ऐकून मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

मागच्या शरदात इद्वलला न्यूमोनिया झाला. आयुष्यभर छातीत साठलेली दगडाची धूळ आता हिशेब मागत होती. तो इस्पितळातून परतला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. सदरा त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता. बाह्या मनगटापर्यंत खाली आल्या होत्या.

त्याला थंडी वाजत होती. सगळ्यांत आधी कळलं ते मला, कारण मेन्ना बाहेर गेली की तो खुर्ची ओढून पाठ माझ्या अंगाला टेकून बसायचा आणि डोळे मिटायचा. दाराची कडी वाजली की धडपडत उठायचा.

"काय करतोयस रे?"

"काही नाही. मांजर बघत होतो."

मांजर मरून कितीतरी वर्षं झाली होती. मेन्नाने माझ्या पत्र्यावर हात ठेवला, जिथे त्याची पाठ होती तिथे.

त्या रविवारी नेरिस जेवायला होती. मटणाचा रस्सा वाढता वाढता मेन्ना सहज म्हणाली, "मला ना, हल्ली फार थंडी वाजते."

नेरिसचा चमचा हवेतच राहिला. "तुला? आई, तुला?" आणि लगेच "आई गं!" म्हणून तिने नडगी धरली. टेबलाखालून लाथ बसली होती.

इद्वल बघतच राहिला. "अगं, तू तर जानेवारीत खिडक्या उघडतेस."

"वय झालं. हाडं कुरकुरतात. मला नवा बंब हवाय."

"तुला नाटकं सुचतायत."

"सुचू देत. मला थंडी वाजते."

त्या दिवसापासून मेन्नाने खिडक्या लावून घेतल्या आणि खांद्यावर लोकरीची जाड शाल घेतली. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, तरी शाल सोडेना. इद्वल चॅपलला गेला की शाल फेकून मागचं दार सताड उघडायची आणि वर्तमानपत्राने वारा घेत म्हणायची, "देवा, माफ कर, पण मी भाजून निघाले!" त्याची काठी वाजली की दार बंद, शाल अंगावर.

इद्वल मात्र हटेना. आणि मग हिवाळ्यातल्या सगळ्यांत कडक सकाळी मीच हरलो. एमरिसने येऊन सगळे प्रयत्न केले. मीही केले. ठिणगी पडायची, विझायची. खिडकीच्या काचांवर आतून बर्फ धरला. इद्वलचे ओठ निळे पडले होते. मेन्ना त्याच्यासमोर खुर्चीत बसली आणि दात वाजवायला लागली. तिला तेही नीट जमत नव्हतं.

इद्वलने स्वतःचा कोट काढला. तो कोट त्याने तिच्या खांद्यावर टाकला.

"अरे, राहू दे," मेन्ना ताडकन उठली. "घाल तो. घाल आधी."

"तुला थंडी वाजतेय ना?" मग तो एमरिसकडे वळला. "नवा लाव. हिच्यासाठी. मला कशाला हवाय?"

"हो रे. माझ्यासाठीच," मेन्ना म्हणाली, आणि कोट परत त्याच्या खांद्यावर घालून गळ्यापर्यंत बटणं लावू लागली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या दोघांना तसं बघून एवढंच वाटलं, की जे कोण येणार आहे ते लवकर येऊ दे.

एमरिसने आणि त्याच्या भावाने मला परसात आणून ठेवलं. तो भिंतीवरचा डबा आता आत गुणगुणतो. चांगलं काम करतो, मान्य करायला हवं. वरच्या खोलीच्या काचा कोरड्या आहेत.

भंगारवाला उद्या येणार आहे. मघाशी पाऊस जरा थांबला, तेव्हा इद्वल बाहेर आला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग वाकून हळूच म्हणाला, "या बाईला जन्मात कधी थंडी वाजली नाही रे. मला कळत नाही असं वाटतं तिला. वाटू दे. तू बोलू नकोस."

आतून हाक आली, "इद्वल! दार लाव, मी गारठले!"

"आलो, आलो! जरा दम धर, म्हातारे!" तो हसत आत गेला.

बोलू नकोस म्हणाला, आणि मी तर तुम्हाला सगळं सांगून बसलो. माझं काय, उद्या मी वितळेन. तुम्ही मात्र कधी या डोंगरात आलात आणि मेन्नाने शालीतून घाम पुसत चहा दिला, तर तिला एवढंच म्हणा, की यंदा थंडी फार आहे.