अर्धा मिनिट

"सिस्टरजी, हात जरा ढीला सोडा," असं म्हणत बाबूरावांनी सोन्याचं स्विस घड्याळ प्रभावतीच्या मनगटावर चढवलं.

रात्रपाळी संपवून ती तशीच दुकानात आली होती. पाय भरून आले होते, डोळे चुरचुरत होते. मोठ्या इस्पितळात नर्सची नोकरी करता करता केस पिकले, पण महिन्यातून एकदा राजवाड्यामागच्या या दुकानात येऊन भारी घड्याळं हातावर चढवून बघायची, हा नाद काही सुटला नव्हता. तिचे वडील महूच्या छावणीत, अस्पृश्यांच्या पलटणीत होते. साहेबाच्या घड्याळाचं वर्णन ते जेवताना करायचे. त्याला हात मात्र त्यांना कधी लावता आला नव्हता. आपल्याला यातलं एकही घेणं जमायचं नाही, हे प्रभावतीला ठाऊक होतं आणि बाबूरावांनाही. अकरा वर्षांत दोघांनी तो विषय काढला नाही.

तिनं किल्ली दिली, घड्याळ कानाशी धरलं आणि छातीवर टाचलेल्या आपल्या साध्या घड्याळाशी लावून बघत बसली.

"बाबूरावजी, हे पाव तासात अर्धा मिनिट मागे पडलं."

"दो साल शोकेसमध्ये पडून आहे ना. तेल सुकलं असेल. सफाई करायची, पण ग्राहक तर पाहिजे!"

तेवढ्यात द्वारकाबाई आत आल्या. जुन्या सरदार घराण्यातल्या. जावयासाठी घड्याळ हवं होतं. त्यांची नजर सरळ प्रभावतीच्या हातावर गेली.

"हेच दाखवा. ह्यांनी घेतलं का?"

"नाही, नाही. सिस्टर नुसत्या बघतायत. महूच्या आहेत, चांगल्या ओळखीच्या."

"महूच्या का?" द्वारकाबाईंनी घड्याळाकडे नेलेला हात मागे घेतला. "मग नीट पुसून द्या."

बाबूरावांनी घड्याळ काढून घेतलं. फडक्यावर स्पिरिट टाकून पट्टा दोनदा पुसला. त्या वासाचं प्रभावतीला काही नवल नव्हतं. अख्खी रात्र ती त्याच वासात वावरली होती. पण बाबूराव मान वर करत नव्हते.

"टाइम बरोबर देतं ना?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"एकदम पक्का!" बाबूराव म्हणाले.

प्रभावतीनं पिशवी उचलली होती. गुपचूप निघून जाता आलं असतं. आता बोलले तर रागानं बोलले असं दिसेल, हे तिला कळत होतं. आणि राग तर आलाच होता.

"बाई, यंत्र चांगलं आहे, पण मागे पडतंय. आधी सफाई करवून घ्या, मग न्या."

"खरं का हो?" द्वारकाबाईंनी विचारलं. बाबूराव फडक्याची घडी घालू लागले. त्या तशाच पायऱ्या उतरून गेल्या.

"सिस्टर, याला दो साल में पहिला ग्राहक आला होता."

"ठाऊक आहे."

"मग कशाला बोललात?"

"तुम्ही पुसलंत कशाला?"

"धंदा आहे, सिस्टर. मी तरी काय करू?"

बाबूरावांनी मखमलीचा ट्रे कपाटात ठेवला. त्यातली बाकीची घड्याळं आज बघायची राहूनच गेली होती. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं, काउंटरला वळसा घालून ते पुढे आले आणि काचेचं दार उघडून धरलं. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी त्यांनी दार कधी उघडलं नव्हतं. ती आपली ढकलून आत यायची.

"या, सिस्टरजी," अनोळखी ग्राहकाला म्हणावं तसं ते अदबीनं म्हणाले.

प्रभावतीनं पदर सारखा केला, मान लववली आणि बाहेरच्या उन्हात उतरली.