लिफ्टमधले सासरे

ते दोघं मिळून विनोदी सिनेमे लिहायचे. एक उभा राहून, एक बसून. उभा असायचा तो नाटक्या. खोलीत येरझाऱ्या घालत तो सगळी पात्रं स्वतःच वठवायचा. सासूही तोच, हवालदारही तोच, आणि भांडण जुंपलं की दोन्ही बाजूंनी हातघाईवर तोच यायचा. बसलेला, म्हणजे कात्री, ते टाइप करायचा आणि त्यातलं निम्मं कापायचा. नियम एकच होता: कात्री हसला तर वाक्य राहणार. आणि कात्रीनं हसणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं.

नाटक्याचा घसा बसला तेव्हा नवा सिनेमा अर्ध्यावर आला होता. होऊ घातलेला जावई आणि त्याला मुलगी द्यायला साफ नकार देणारे सासरे लिफ्टमध्ये अडकतात, एवढीच गोष्ट. सुरुवातीला दोघांनी बसलेल्या घशावरही विनोद करून घेतले. मग गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि नाटक्या गळ्याला भोक घेऊन घरी आला.

काही दिवसांनी त्याच्या बायकोनं कात्रीला फोन केला. "भाऊजी, या आता. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. काम असलं तर उठतील तरी."

कात्री गेला आणि नाटक्या खरंच उठला. तो ओठ हलवायचा, हातवारे करायचा, अडलं की धाकट्या मुलीच्या पाटीवर लिहायचा. छाती पुढे काढली की सासरे, खांदे पाडले की जावई. ते सगळं अजून होतं. पण शब्द लिहून होईपर्यंत विनोदाची वेळ टळलेली असायची. कात्री पाटी वाचायचा, आणि गळ्यातून सूं सूं श्वास घेत नाटक्या त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. कात्री हसला. पुढच्या वाक्यालाही हसला. त्या दुपारी तो सगळ्यालाच हसला.

नाटक्यानं पाटी पुसली. 'इतक्या वर्षांत तू एवढा हसला नाहीस,' त्यानं लिहिलं.

"चांगलं होतं म्हणून हसलो."

'मी अजून मेलो नाही. मयताला आल्यासारखा हसू नकोस.'

"अरे, ऐक तरी."

नाटक्यानं दाराकडे बोट केलं. वहिनी जिन्यापर्यंत मागे आल्या. "मनावर घेऊ नका, भाऊजी."

"तो बरोबर बोलतोय, वहिनी," कात्री म्हणाला आणि खाली उतरला.

उरलेला सिनेमा त्यानं घरी बसून एकट्यानं लिहिला. निर्मात्यानं पानं वाचली. "चूक कुठेच नाही," तो म्हणाला, "पण हसू पण कुठेच नाही. हे सासरे कोर्टात बोलल्यासारखे बोलतात." कात्रीला ते आधीच कळलं होतं. दुसऱ्याच्या वाक्यातलं कुसळ त्याला लांबून दिसायचं. स्वतःच्या वाक्यांवर मात्र त्याचा हात चालत नव्हता.

पानं घेऊन तो परत नाटक्याकडे गेला आणि ती त्याच्या पलंगावर टाकली. "वाट लागलीय. बघ."

नाटक्यानं दोन पानं वाचली, पेन्सिल मागितली, आणि खोलीच्या मधोमध बोट दाखवलं. उभा राहा. कात्री आयुष्यात कधी असा उभा राहिला नव्हता. धडा वाचल्यासारखं त्यानं वाचलं. नाटक्यानं उशी फेकून मारली. त्यानं पुन्हा वाचलं. जावई म्हणतो, "दार उघडलं की मी तुम्हाला पाठीवर घेऊन जिना उतरेन." त्यावर सासऱ्यांचं बाणेदार उत्तर कात्रीनं चार ओळींत लिहिलं होतं. नाटक्यानं चारही ओळी खोडल्या आणि वर लिहिलं, 'आधी माझ्या पायावरून उतर.'

कात्रीनं ते वाचलं आणि त्याला हसू आवरेना. तो भिंतीला टेकून हसत राहिला. नाटक्या हसला नाही. त्यानं पान उलटलं.

मग काम तसंच चाललं, एक पडून आणि एक उभा राहून. दुखणं परत उलटलं होतं. गळ्याखालची नवी गाठ उपरण्याआडही दिसायची. पेन्सिलीच्या रेघा पुसट होत गेल्या. कधी पान अर्ध्यावर असताना नाटक्याचा डोळा लागायचा आणि कात्री आवाज न करता उभा राहायचा.

शेवटचं पान नाटक्यानं अख्खं खोडलं. त्याच्याऐवजी काहीच लिहिलं नाही.

"मग शेवट काय?"

नाटक्यानं दोन तळवे जुळवले आणि हळूहळू बाजूला नेले. लिफ्टचं दार उघडलं. मग दोन बोटं शेजारी शेजारी उभी केली. ती हललीच नाहीत.

"दोघं बाहेर येतच नाहीत? भांडण संपलेलं नाही म्हणून?"

नाटक्यानं मान डोलावली.

"याला लोक हसणार नाहीत."

नाटक्यानं खांदे उडवले आणि डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात तो गेला.

निर्मात्याला तो शेवट नको होता. त्यानं लग्न लावलं आणि लग्नात नाच घातला. कात्री खूप भांडला, आणि शेवटी दोघांची नावं काढून टाका म्हणून सांगून आला. मग वहिनींना कळवायला गेला.

वहिनी औषधं पिशवीत भरत होत्या. "तुमचं काढायचं तर काढा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांचं राहू दे. मुलींना दाखवायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

कात्रीनं दोन्ही नावं राहू दिली. सिनेमा बघायला तो एकदाच गेला, आणि नाच सुरू व्हायच्या आधी उठून आला. त्यानंतर त्यानं विनोदी काही लिहिलं नाही. वहिनींकडे अधूनमधून जातो. दोघं चहा घेतात आणि धाकटीच्या शाळेबद्दल बोलतात.