चिमट्यावरचा तारा

ती गाडी पाहताच मला शिसारी आली. सन एकोणीसशे बाराची डंडोर मोटारसायकल, क्रमांक दोनशे बारा, जत्रेच्या मैदानात जुन्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी पांढऱ्या गालिच्यावर उभी होती. ज्या काळी निकेलचा मंद, दुधाळ उजाळा देत, त्या काळच्या यंत्रावर क्रोमचा झगझगीत आरसा चढवलेला! एखाद्या वृद्धेच्या मुखावरील कातडी सोलून तेथे मेण लिंपावे, तसे ते दिसत होते.

शेजारच्या फलकावर निर्मात्याचे चरित्र रंगवले होते. हायरम डंडोर: प्रतिभावंत, सचोटीचा, आणि एका बेजबाबदार कामगारापायी बुडालेला.

तो कामगार म्हणजे माझे आजोबा, एलायस शांट्झ.

डंडोरांच्या कारखान्यात आजोबा पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यांच्या नळ्या वितळल्या पितळेचा डाक देऊन जोडत. प्रत्येक चिमटा नंतर मालकांच्या मेजावर जाई. मालक हातोडीची टिचकी मारून नाद ऐकत आणि पसंत पडल्यास मुळाशी पाचटोकी ताऱ्याचा ठसा उमटवत. तो ठसा त्यांच्या खिशाबाहेर कधी राहत नसे. त्या वर्षी मागणीच्या घाईत त्यांनीच पन्नास चिमटे पातळ नळीचे करविले. टेकडीच्या उतारावर चिमटे मोडून दोन स्वार मेले, तेव्हा डंडोरांनी पंचांपुढे शपथ घेऊन सांगितले की ते चिमटे आपल्यापुढे आलेच नव्हते. शांट्झने ते परस्पर जोडले, असा त्यांचा आरोप. पुढे त्या तुकडीतील गाड्या परत मागवून वितळवण्यात आल्या. आजोबांच्या हाती पुन्हा कोणी डाकाचे काम दिले नाही. उरलेले आयुष्य त्यांनी चर्मालयात ओली कातडी खरवडण्यात घालवले. कितीही धुतले तरी त्यांच्या हातांचा दर्प जात नसे. जेवताना ते आमच्यापासून दूर बसत.

परत न आलेली एकच गाडी होती, हीच. तिच्या चिमट्यावर तारा असेल, तर डंडोरांची शपथ खोटी ठरणार होती. ब्रेंट हॅलोवेने ती एका कोठारातून विकत घेतल्याचे कळताच मी त्याला लिहिले होते, की रंग खरवडल्यावर चिमट्याचे मूळ मला दाखवावे. उत्तर आले नाही.

"काय शांट्झकाका, डोळे दिपले ना?" ब्रेंट पुढे आला.

"चिमटा मूळचाच?"

"अगदी! खड्डे तेवढे भरले, मग घासून घासून काच केलाय. बघा हात लावून, पण रुमालाने हं!"

मी रुमाल न घेताच मुळाशी अंगठा फिरवला. गुळगुळीत. शतकभराची साक्ष या मनुष्याने चकाकीपायी पुसली होती.

"माझं पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं असेल हो. वाचायला वेळ कुणाला असतो?"

त्या दिवशी परीक्षक आम्ही दोघे होतो, मी आणि लॉरेटा यॉस्ट. मी तिला म्हणालो, "लॉरेटा, चिमट्याचा निर्णय तू कर. त्यात माझं रक्ताचं नातं आहे."

लॉरेटाने कारखान्याचे जुने माहितीपत्रक उघडले, चष्मा नाकावर सारला आणि वाचले, "'प्रत्येक चिमट्यावर निर्मात्याचा तारा.' इथे तर काहीच नाही. एक गुण वजा."

ब्रेंट उसळला. "एका फालतू ताऱ्यासाठी माझे शंभरपैकी शंभर गुण घालवता? अहो बाई, होता तारा! आम्हीच घासलाय!"

"तुम्ही म्हणाल ते खरं मानू होय? उद्या म्हणाल, याला पंखही होते."

ब्रेंटने गाडीसमोर मांडलेला डागडुजीचा फोटोसंग्रह उचलून भराभरा पाने उलटली. "हा घ्या पुरावा!"

छायाचित्रात उघडा पोलादी चिमटा होता. आजोबांच्या डाकाची पितळी रेघ, तिच्यालगत पाचटोकी तारा, आणि खाली दोनशे बारा. मी गालिच्याच्या कडेला बसलो.

"हा याच गाडीचा कशावरून?" लॉरेटाने शांतपणे विचारले.

"मग काय माझ्या सासऱ्याच्या गाडीचा? आकडा वाचा की!"

"मग तसं लिहून द्या. खाली सही."

गुणपत्रिकेवर त्याने घाईघाईने लिहिले: 'मूळ चिमट्यावर निर्मात्याचा तारा होता.' सही केली आणि छायाचित्रही टाचले. "आता द्या माझा गुण!"

"तारा होता, हे मान्य. तो तुम्ही घासलात, हेही मान्य," लॉरेटा म्हणाली. "गुण वजाच."

तो पाय आपटत राहिला. रीतीप्रमाणे लॉरेटाने गुणपत्रिका त्याच्याच फलकावर लावली, नेमकी 'बेजबाबदार' या शब्दावर.

आजोबांवरचा आरोप गळून पडला होता, तरी मला हर्ष झाला नाही. माझ्या अंगठ्याला उजाळ्याच्या मलमाचा वास येत होता. नळावर मी तीनदा साबण लावला. तो गेला नाही.